रीड्स बीचवरचे उधाण

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मे महिना लागला की शनिवार-रविवारी समुद्र गाठण्याची घाई होते. मोटारी धावतात त्या बहुधा अटलांटिकच्या बाजूला. तेथे पांढरी वाळू असते, खाण्याची दुकाने असतात. तेथील वास्तव्यात आम्हीही तेच करीत असू. परंतु एका वर्षी पक्षिनिरीक्षणाचा नाद असलेल्या शेजाऱ्यांनी आम्हांला केप मे परगण्याच्या दुसऱ्या अंगाला, डेलावेअर उपसागराच्या काठी, रीड्स बीचवर नेले. दोन-अडीच तासांचा प्रवास करून पोहोचलो, तो वाळूवर पाऊल टाकायलाच बंदी! दोरी बांधलेली, शेजारी पाटी आणि एक स्वयंसेविका उभ्या. मुले हिरमुसली. मीही मनातून चडफडलो, हे कबूल केले पाहिजे. ही बंदी कशासाठी, हे समजून घेण्यातच ते दोन दिवस गेले.

या वाळूचा खरा मालक म्हणजे हॉर्सशू क्रॅब. नावाने खेकडा असला तरी तो कोळी-विंचवांना अधिक जवळचा. घोड्याच्या नालाच्या आकाराची तपकिरी ढाल आणि मागे ताठ, अणकुचीदार शेपूट. त्याच्या कुळाचे अवशेष सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. त्याच्यापुढे डायनोसॉर म्हणजे कालचे पोर. (आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर याच्या दोन जाती आहेत.) मे-जूनमध्ये, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, हे प्राणी रात्रीच्या भरतीबरोबर वर चढतात. मादी वाळूत सुमारे वीतभर खोल खळगा करून एका वेळी चारेक हजार हिरवट अंडी घालते आणि हंगामात असे अनेक खळगे करते.

नेमक्या त्याच दिवसांत रेड नॉट येतो. तुतवारीच्या कुळातला, साळुंकीएवढा, विटकरी छातीचा पक्षी. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाशी, टिएरा देल फुएगोत हिवाळा काढून यांतले कित्येक कॅनडाच्या ध्रुवीय प्रदेशात वीण घालण्यास निघालेले असतात. येथे उतरतात तेव्हा वजन जेमतेम १२० ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. दोनेक आठवड्यांत ते १८० ग्रॅमपर्यंत न्यावे लागते. कारण उत्तरेस पोहोचल्यावर जमीन अजून बर्फाखाली असते. लांब उड्डाणाआधी त्याची पचनेंद्रिये आक्रसलेली असतात, त्यामुळे कवचाचे शिंपले पचत नाहीत. मऊ अंडी मात्र चालतात.

"पण अंडी वीतभर खाली, आणि चोच तर एवढीशी!" आमच्या धाकट्या मुलीने शंका काढली. प्रश्न बिनतोड होता, आणि साऱ्या विषयाची किल्ली त्यातच आहे. किनाऱ्यावर माद्यांची दाटी झाली की मागून आलेली मादी आधीचीचा खळगा उकरते. उकरलेली अंडी लाटा वर आणतात. ती उन्हात वाळून बहुतेक वायाच जायची. रेड नॉट जगतो तो या सांडलवंडीवर. म्हणजे क्रॅब नुसते असून भागत नाही, ते दाटीने यावे लागतात.

१९९० नंतरच्या दशकात ईल मासे व शंखातल्या मोठ्या गोगलगाई धरण्यासाठी आमिष म्हणून क्रॅबची बेसुमार पकड झाली. क्रॅब संपले नाहीत, सांडलवंड संपली. उपसागरावर एका वेळी मोजलेले रेड नॉट १९८० नंतरच्या दशकात नव्वद हजारांच्या घरात गेले होते. २०२१ साली ते सात हजारांहून कमी भरले. न्यू जर्सीने २००८ साली क्रॅबच्या पकडीवर बंदी घातली. २०१४ साली अमेरिकी सरकारने या पक्ष्याला संकटग्रस्तांच्या यादीत घेतले.

क्रॅबच्या मागे आणखी एक गिऱ्हाईक आहे. त्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते आणि जंतूंच्या विशिष्ट विषाचा अंश लागताच गोठते. इंजेक्शने व लसी शुद्ध आहेत की नाहीत हे या रक्ताच्या अर्कावरून तपासण्यास अमेरिकेत १९७७ साली मान्यता मिळाली. रक्त काढून प्राणी परत सोडतात. सगळे जगत मात्र नाहीत. कृत्रिम पर्यायाला अमेरिकी औषधकोशाने २०२४ साली हिरवा कंदील दाखविला. इतका उशीर का, हे मला पटलेले नाही.

रविवारी सकाळी आम्ही दुर्बिणी घेऊन दोरीच्या अलीकडे बसलो. एवढ्यात कोणाचा तरी कुत्रा सुटला. सारा थवा एकदम उठला, पाण्यावरून दोन-तीन फेऱ्या मारून दूर उतरला. स्वयंसेविकेने घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली. अशी प्रत्येक भरारी त्या पक्ष्याच्या मिळवलेल्या चरबीतून वजा होते, असे त्या म्हणाल्या.

अभ्यासक या पक्ष्यांच्या पायांत खुणेच्या पट्ट्या घालतात. देशागणिक रंग निराळा, अर्जेंटिनाचा नारिंगी. तेथेच १९९५ साली प्रथम पट्टी घातलेला आणि पुढे 'बी ९५' या खुणेने ओळखला गेलेला एक रेड नॉट २०१४ पर्यंत दिसत राहिला; त्याच्या एकूण प्रवासाची बेरीज येथून चंद्रापर्यंतच्या अंतरापलीकडे जाते. हे ऐकल्यावर मुलांनी पोहण्याचे नाव काढले नाही. थवा परत येईपर्यंत ती चुळबुळत बसली, आणि मग आळीपाळीने दुर्बीण लावून नारिंगी पट्ट्या मोजू लागली. दुपारी निघेपर्यंत तीन भरल्या.