फिरत्या पाण्यातील मत्स्यपालन : गाळणी निवडताना हिशेब कशाचा करावा?

वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर काठावर पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव आहे. मासेमारी हा या किनाऱ्याचा पिढीजात धंदा. परंतु समुद्रात जाण्याऐवजी घरामागच्या जागेत टाक्या बांधून मासा वाढवावा, असा विचार आता अनेक तरुण करतात. यातील एका पद्धतीत तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरले जाते. तिला 'आरएएस' असे म्हणतात. जागा आणि पाणी कमी लागते, हा तिचा फायदा. भांडवल मात्र मोठे लागते.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मध्यम प्रकल्पाचा खर्च २५ लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले होते. म्हणजे सर्वसाधारण गटातील माणसाला १५ लाख रुपये स्वतः उभे करावे लागणार. एवढी रक्कम घालणाऱ्याने गाळणीची निवड विक्रेत्यावर सोडून चालणार नाही. म्हणून या लेखात आपण तिचा हिशेब समजून घेऊ.

पिण्याच्या पाण्याची गाळणी येथे का चालत नाही?

घरातील गाळणीतून पाणी एकदा जाते आणि काम संपते. माशांच्या टाकीत घाण रोज, तासातासाला तयार होत असते. शिवाय तेथील खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. मासा खाद्यातील प्रथिने पचवतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही त्यात मासे मरू शकतात. आरओ, कोळशाची गाळणी किंवा जलतरण तलावाचा वाळूचा फिल्टर घेऊन हा प्रश्न सुटत नाही. येथे तीन कामे वेगवेगळी करावी लागतात : विष्ठा व उरलेले खाद्य काढणे, अमोनिया निकामी करणे, आणि पाण्यात प्राणवायू घालून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणे.

हिशेब खाद्याचा करावा

विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "टाकी किती लिटरची?" प्रश्नच चुकीचा आहे. रिकाम्या टाकीला गाळणी लागत नाही. आपण रोज किती किलो खाद्य घालणार, यावर गाळणीचे माप ठरते.

उदाहरण घेऊ. ४० घनमीटर पाण्यात १,००० किलो जिताडा आहे. वजनाच्या २ टक्के धरल्यास रोज २० किलो खाद्य लागेल. जिताड्याच्या खाद्यात साधारण ४३ टक्के प्रथिने असतात. खाद्याचे किलो गुणिले प्रथिनांचे प्रमाण गुणिले ०.०९२ हे प्रचलित सूत्र आहे. २० x ०.४३ x ०.०९२ म्हणजे रोज सुमारे ७९० ग्रॅम अमोनिया. याशिवाय खाद्याच्या चौथ्या हिस्स्याइतकी, म्हणजे वाळल्या वजनाने ५ किलो घाण रोज निघेल. हे दोन आकडे हाती असल्याखेरीज कोणतेही यंत्र विकत घेऊ नये.

घाण पकडणारी गाळणी

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शंकूच्या तळाची निवळण टाकी. हिला वीज लागत नाही. मोठे कण तळाशी बसतात व झडप उघडून काढता येतात. बारीक कण मात्र तीतून निसटतात. ड्रम फिल्टरमध्ये फिरत्या ढोलावर ४० ते १०० मायक्रॉनची जाळी असते आणि फवाऱ्याने ती आपोआप धुतली जाते. किंमत जास्त, पण बारीक घाणही पकडली जाते. लहान प्रकल्पाला निवळण टाकी व तिच्या पुढे जाळीच्या पिशव्या किंवा ब्रश पुरू शकतात. मात्र ते रोज धुणारे हात घरात हवेत. घाण गाळणीत साचून राहिली, तर ती तेथेच कुजते आणि पाणी पुन्हा नासते.

जैविक गाळणी

अमोनिया निकामी करण्याचे काम जिवाणू करतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी असते. नायट्रेट मासा बऱ्याच प्रमाणात सहन करतो. जिवाणूंना बसायला पृष्ठभाग लागतो, म्हणून प्लास्टिकच्या खाचदार चकत्या वापरतात. चांगल्या चकत्यांच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ५०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. दर चौरस मीटरला रोज अर्धा ग्रॅम अमोनिया धरला, तर आपल्या ७९० ग्रॅमसाठी ३.२ घनमीटर चकत्या लागतील. त्या हवेने हलत राहाव्यात म्हणून टाकी निम्मीच भरायची. म्हणजे साडेसहा घनमीटरची टाकी झाली. एखादा विक्रेता याच खाद्यासाठी दोन पिंपे दाखवू लागला, तर काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

दोन गोष्टी विसरू नयेत. हे जिवाणू पाण्यातील क्षारता खातात. त्यामुळे दर किलो खाद्यामागे अंदाजे पाव किलो खायचा सोडा घालावा लागतो. दुसरे, गाळणी पहिल्या दिवसापासून काम करत नाही. गोड्या कोमट पाण्यात ती तयार होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, खाऱ्यात त्याहून अधिक. त्यापूर्वी टाकीत भरपूर बी सोडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

विजेचे बिल गाळणीतच ठरते

आपल्या उदाहरणात ताशी ४० घनमीटर पाणी फिरवायचे आहे. निवळण टाकी, ड्रम आणि हलत्या चकत्या या मांडणीत पाणी फार तर २ मीटर उचलावे लागते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास दिवसाला सुमारे साडेदहा युनिट जळतील. तेच पाणी दाबाच्या वाळू फिल्टरमधून ढकलायचे, तर १२ मीटरइतका दाब लागू शकतो. तेव्हा दिवसाला ६३ युनिट. महिन्याचा फरक जवळजवळ १,५७० युनिटांचा. आपल्या दराने गुणून पाहा. खरेदीच्या वेळी स्वस्त वाटलेली गाळणी वर्षभरात किती महाग पडते, ते कळेल.

दातिवऱ्याच्या पाण्यासाठी

खाडीकाठी काही विशेष काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात वैतरणेला पूर आला की खाडीचे पाणी एकदम गोडे होते. खारटपणा असा अचानक बदलला, तर जिवाणूंचे काम मंदावते. म्हणून पाणी साठवण टाकीत घेऊन, खारटपणा मोजून, मगच आत सोडावे. निर्जंतुक करण्यासाठी ब्लीचिंग वापरली असेल, तर क्लोरीन पूर्ण उडाल्याची खात्री करावी. नाहीतर जिवाणूही मरतात आणि मासेही. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. जस्ताचा मुलामा, तांबे व पितळ माशांना घातक ठरू शकतात. पाइप व टाक्या पीव्हीसी, एचडीपीई किंवा फायबरच्याच घ्याव्यात. ड्रमचे स्टील ३१६ दर्जाचे आहे का, ते विचारावे.

आणखी एक मुद्दा. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसवली. वर सांगितलेली कोणतीही गाळणी रसायने किंवा जड धातू काढत नाही. बोईसर-तारापूर पट्ट्यात प्रकल्प उभारणाऱ्याने आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. पाणी दूषित निघाले, तर गाळणी नव्हे, जागाच बदलावी.

कोटेशन घेताना

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात : ही यंत्रणा रोज किती किलो आणि किती टक्के प्रथिनांचे खाद्य पेलेल, चकत्या किती घनमीटर, पंप किती मीटर पाणी उचलेल व दिवसाला किती युनिट घेईल, आणि वीज गेल्यावर प्राणवायू कशाने चालू राहील. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दाटीने ठेवलेले मासे हवा बंद पडल्यास अर्ध्या तासाच्या आत मरू शकतात. जनरेटर, बॅटरीवरचा ब्लोअर किंवा प्राणवायूचा सिलिंडर ही चैन नसून प्रकल्पाचाच भाग आहे. त्याचे पैसे पहिल्याच दिवशी धरावेत.

होतकरूंनी प्रथम एका टाकीवर एक पीक घ्यावे. अमोनिया, नायट्राइट, सामू व क्षारता रोज मोजून वहीत लिहावी. सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग सुमारे नऊ पटींनी वाढतो. वही नसेल तर हे लक्षातही येत नाही. ज्याची एका टाकीची वही नीट भरली, त्यानेच सहा टाक्यांचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.