घर विकण्याआधी घरात बोला



घराच्या निमित्ताने लोक धर्मगुरूकडे दोनदा येतात. एकदा नव्या घराला आशीर्वाद मागायला येतात, तेव्हा सारे कुटुंब हसतमुखाने बरोबर असते. दुसऱ्यांदा येतात ते जुन्या घरावरून भावंडांत बोलणे बंद झाले म्हणून. तेव्हा बहुधा एकटाच कोणीतरी येतो आणि मिस्सा संपून मंदिर रिकामे होईपर्यंत थांबून राहतो.

१९९० साली वसई-विरारसाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ साली महानगरपालिका आली, आणि पाहता पाहता वाडीला गुंठ्याचा भाव आला. केळी, पानवेल आणि चाफ्यावर जगलेल्या घरांच्या दारात दलाल येऊ लागले. विकणे हे पाप नव्हे. मुलांचे शिक्षण, आजारपण, वाटण्या, पडायला आलेले कौलारू छप्पर, कारणे खरी असतात. पण व्यवहारात नाती तुटतात ती क्वचितच भावावरून. जे बोलायला हवे होते आणि कोणी बोलले नाही, त्यावरून ती तुटतात. म्हणून आजच्या पाठाचे सूत्र एकच: कागदावर सही होण्याआधी सारे काही घरात, सर्वांसमक्ष, मोकळेपणे बोलले गेले पाहिजे.

१. किंमत आणि मोल

ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने जोड्याचे साधे उदाहरण दिले आहे. जोडा पायात घालता येतो आणि जोडा देऊन दुसरी वस्तू घेताही येते. वस्तू एकच, उपयोग दोन. घराचेही तसेच आहे. शहरात राहणाऱ्या धाकट्या भावाला ते घर म्हणजे त्याच्या फ्लॅटचे राहिलेले हप्ते वाटतात. तेथेच राहिलेल्या थोरल्याला ते रोजचे अंगण असते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला ते माहेर असते. आणि आईला? ज्या ओटीवरून वडिलांची अंत्ययात्रा निघाली, ती तिची ओटी असते.

चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मात्र प्रत्येकाला वाटते की समोरचा आपल्यासारखाच विचार करतो. म्हणून पहिल्या बैठकीत भावाची चर्चाच करू नका. प्रत्येकाने फक्त एवढेच सांगावे: हे घर माझ्यासाठी काय आहे, आणि विकले तर मला कशाची काळजी वाटते. तास-दोन तास जातील, डोळ्यांत पाणीही येईल. पण पुढची दहा वर्षे वाचतील.

२. पवित्र शास्त्रातील दोन व्यवहार

उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायात अब्राहाम सारेच्या दफनासाठी जागा विकत घेतो. एफ्रोन ती फुकट द्यायला तयार असल्याचे म्हणतो. अब्राहाम तसे घेत नाही. नगराच्या वेशीवर, सर्व लोकांसमक्ष, ४०० शेकेल रुपे तोलून देतो. शेत, त्यातली गुहा आणि बांधावरची झाडेसुद्धा व्यवहारात स्पष्टपणे धरली जातात. दुःखाच्या दिवसातही त्याने काही मोघम ठेवले नाही.

यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात तर यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला आहे. अशा वेळी संदेष्टा आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत १७ शेकेलना विकत घेतो. खरेदीखतावर सही, साक्षीदार, एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत. दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. नातेवाइकांशी व्यवहार आहे म्हणून कागद नको, असे त्याला वाटले नाही. आपल्याकडे मात्र ‘घरातल्या घरात कशाला लिहायचे?’ असे म्हणण्याची रीत आहे. उलट, नाते जपायचे असेल तर लिहिलेच पाहिजे.

३. हिस्सा कोणाचा?

याबाबत आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती व्यक्ती वारली तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. पत्नी आणि मुले मागे असतील तर पत्नीला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान. मुलगा-मुलगी हा भेद नाही, लग्न झालेली आणि न झालेली हाही भेद नाही. पत्नी आधी वारली असेल तर मागे राहिलेल्या पतीला तेच हक्क आहेत. एखादा मुलगा वडिलांआधीच वारला असेल, तर त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना जातो.

उदाहरण घेऊ. घर वडिलांच्या नावावर होते, ते मृत्युपत्र न करता वारले, मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. घर ९० लाखांना विकले. आईचे ३० लाख, आणि तिन्ही मुलांचे प्रत्येकी २० लाख.

येथे कोणीतरी हमखास म्हणतो, “तिच्या लग्नात दागिने दिले, तिचा हिस्सा तेव्हाच गेला.” हा कायदा तसे मानत नाही. वडिलांनी हयातीत मुलाला किंवा मुलीला जे दिले ते वाटणीच्या वेळी वजा होत नाही. मुलाच्या शिक्षणाला किंवा परदेशी जाण्याला घातलेला पैसाही वजा होत नाही, हेही लक्षात घ्या.

बहिणीने खुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते, आणि त्याआधी तिला जागेची आजची किंमत माहीत असायला हवी. भाऊबीजेच्या भावनेने, घाईत, न वाचता केलेली सही ही खुशीची सही नव्हे. ‘माहेर तुटेल’ या भीतीने बहीण गप्प राहिली तर तिला संमती समजू नये.

४. आई कुठे राहणार?

सर्वांत आधी विचारायचा हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. ‘आई काय, कोणाकडेही राहील’ हे उत्तर नव्हे. कोणाकडे, कोणत्या खोलीत, औषधांचा खर्च कोण करणार, आणि ज्या आळीत पन्नास वर्षे काढली तेथल्या मैत्रिणी तिला भेटणार कशा? लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर गुडघे दुखणारी बाई म्हणजे घरातली कैदीण होते. तिच्या वाट्याचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या.

वडीलधाऱ्यांनो, तुम्हांलाही दोन शब्द. मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही द्यायचे आहे तो, किंवा त्याची पत्नी वा पती, साक्षीदार नको. तसे झाले तर त्याला दिलेली देणगी रद्द ठरते. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्रानंतर लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, म्हणून पुनर्विवाह केलेल्यांनी ते नव्याने करावे.

हयातीतच बक्षीसपत्राने घर मुलाच्या नावावर करण्याची घाई करू नका. करायचेच असेल तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे दस्तात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार, अशी अट मोडली तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते. आणि सोसायटीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो मालक होतो असे समजू नका. तो वारसांसाठी राखणदार असतो.

५. विकताना

पहिले काम म्हणजे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर सर्व वारसांची नोंद. पुष्कळ घरे अजून आजोबांच्या नावावर आहेत. वारसनोंद तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज देऊन होते. परदेशात असलेल्या भावंडाला फोनवर ‘हो’ म्हणायला लावून भागत नाही. त्याने त्या कामापुरते, मर्यादित मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून करून पाठवावे. व्यवहार साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर अर्धवट ठेवू नका. त्यावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखत हाच खरा दस्त.

रोख रकमेचा मोह टाळा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. शिवाय ‘वरचे’ पैसे मोजणाऱ्या भावाकडे दुसरा भाऊ कायम संशयाने पाहतो. सारे पैसे बँकेतून, ज्याचे त्याच्या खात्यात.

आणि अब्राहामाची झाडे आठवा. विहीर सामाईक आहे का? बावखलाकडे जाणारी वाट मागच्या तीन घरांची वहिवाट आहे का? अंगणातला क्रूस, जेथे मे महिन्यात सारी आळी प्रार्थनेला जमते, त्याचे काय? हे दस्तात लिहिले नाही तर नव्या मालकाला त्याची कल्पना कशी असणार? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आळीतल्या शेजाऱ्यांनाही वेळेवर सांगा. कुंपण पडल्यावर त्यांना कळावे, हे शोभत नाही.

६. घेताना

नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचे प्राण गेले. म्हणून ‘स्वस्तात मिळतोय’ हे शब्द ऐकले की आधी थांबा.

वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा मालकीहक्क तपासून घ्या. बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्सवर विसंबू नका. पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ते खरे आहेत का, जागेवर आरक्षण आहे का, हे विचारा. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पडताळा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला मूलभूत दोष निघाला तर दुरुस्ती त्यानेच करायची आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर या नोंदणीतून सूट आहे. आपल्या आळ्यांतल्या छोट्या इमारती नेमक्या या सुटीत बसतात, तेव्हा तेथे दुप्पट सावध राहा.

हप्ता ठरवताना आजचा पगार पाहू नका, एकाची नोकरी गेलेला महिना डोळ्यांसमोर आणा. तो महिनाही निभेल एवढेच कर्ज घ्या. फ्लॅटच्या हप्त्यापायी नवरा-बायको दोघे रात्री नऊला लोकलमधून उतरत असतील आणि मुले शेजारी जेवत असतील, तर खोल्या वाढल्या पण घर लहान झाले.

७. नव्या घरात राहताना

वाडीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या माणसाला काही महिने चुकल्याचुकल्यासारखे वाटते. झोप लागत नाही, पहाटे उठून जावे असे अंगण नसते. हा कमकुवतपणा नाही, ते दुःख आहे, आणि दुःखाला वेळ लागतो. वडीलधाऱ्यांना ‘आता विसरा ते’ असे म्हणू नका. घर सोडण्याआधी सर्वांनी एकदा तेथे जेवा, फोटो काढा, कोणाला कोणती वस्तू हवी ते विचारा. आल्तार, आईचा पाटा-वरवंटा, चाफ्याचे एखादे कलम नव्या जागी न्या.

नव्या इमारतीत शेजारी वेगळ्या धर्माचा, वेगळ्या भाषेचा असेल. छतातून पाणी गळू लागले की पहिली ओळख भांडणाने होते. त्याआधीच ओळख करून घ्या. मेंटेनन्स वेळेवर भरा, सोसायटीच्या सभेला जा. ओट्यावर बसण्याची आपली जुनी सवय जिन्यापाशीही चालू ठेवता येते.

घराला आशीर्वाद देताना मी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडतो. पण जे घर बहिणीला फसवून किंवा आईला कोपऱ्यात ढकलून उभे राहिले, तेथे आधी समेट हवा. शांतीची खूण देताना ज्याचा हात धरवत नाही, त्याच्याकडे आधी जा. पैशांचा हिशेब चुकला असेल तर तो दुरुस्त करता येतो. भाऊ मात्र विकत मिळत नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपले घर आज कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे? हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का?

२. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मृत्युपत्र केले आहे का? ते कुठे ठेवले आहे?

३. या घराविषयी ज्यांचे मत आपण कधी विचारलेच नाही, अशी कोणती व्यक्ती आपल्या कुटुंबात आहे? या आठवड्यात तिला कोण विचारणार?

आपला,
धर्मगुरू