एक पालक गेल्यावर मुलाचा ताबा

नवरा किंवा बायको गेल्यानंतर मुलाच्या ताब्याचा वाद सहसा भांडणातून उभा राहत नाही. तो तेराव्यानंतरच्या सोयीतून उभा राहतो. 'शाळेचं वर्ष पुरं होईस्तोवर राहू द्या इथंच,' असे आजी-आजोबा म्हणतात. आई माहेरी जाते, किंवा बाप ऊसतोडीला गुजरातेत जातो, आणि मूल मागे राहते. नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघत असल्याने इथे हे सहज घडते. वर्ष सरते, मूल आजीच्या कुशीत झोपायला सरावते, आणि न्यायला आलेल्या आईला ओट्यावरूनच परत फिरावे लागते. मुलाचे आधार कार्ड, लसीकरणाचे कार्ड, जन्माचा दाखला आजीच्या पत्र्याच्या पेटीत कुलपाआड असतो. यातून गेलेल्यांच्या मनाला एकच गोष्ट खात राहते: मूल तात्पुरते ठेवले आहे, हे तेव्हा दोन ओळींत लिहून घेतले नाही.

कायद्यात जिवंत पालकाची बाजू भक्कम आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार बापामागे आईच नैसर्गिक पालक ठरते. पण नंदुरबारात इथे एक मेख आहे. याच अधिनियमाचे कलम ३(२) अनुसूचित जमातींना त्यातून वगळते, आणि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबांना आधार आहे तो १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचा. आई किंवा बाप हयात असून अपात्र नसेल, तर दुसऱ्याला पालक नेमता येत नाही, असे त्याचे कलम १९ सांगते. २०१० च्या दुरुस्तीने त्यात आईचाही समावेश झाला. अर्ज मूल सामान्यतः राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा असतो. म्हणून मूल सुरत-बारडोलीकडे हलवले गेले असेल, तर हातावर हात ठेवून बसू नये.

'बाईनं दुसरं घर केलं की पोर सासरचं' ही समजूत गावोगाव आहे, आणि तिला एकेकाळी कायद्याचाही आधार होता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने मृत नवऱ्याच्या नातेवाइकांना अशा वेळी पालक नेमण्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली होती. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. 'अकेल्ला ललिता' खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विवाहित आईलाच नैसर्गिक पालक मानले. मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकारही तिचाच, असे सांगितले.

तरीही शेवटचा शब्द पालकाच्या हक्काचा नसतो, मुलाच्या हिताचा असतो. 'तेजस्विनी गौड' (२०१९) या मुंबईच्या प्रकरणात दिवंगत आईच्या बहीण-भावाने जीव लावून सांभाळलेली लेक बापाकडे सोपवली गेली. मात्र तिची मावशी-मामांशी असलेली भेट तोडली नाही. उलट 'नीलरतन कुंडू' (२००८) मध्ये बायकोच्या हुंडाबळीचा आरोप असलेल्या बापाऐवजी मूल आजोळी ठेवले गेले. मूल समजत्या वयाचे असेल, तर न्यायाधीश त्याचे म्हणणेही विचारात घेतात.

हे ध्यानात ठेवले तर सर्वांत मोठी चूक टळते: शाळेच्या फाटकातून मूल ओढून नेणे. मूल भेदरते, आणि पुढे न्यायालयात तेच आपल्या अंगाशी येते. त्यापेक्षा दर बाजाराच्या दिवशी भेटायला जावे, शाळेची फी स्वतः भरून पावती जपावी, फोन उचलला नाही तरी केल्याची नोंद ठेवावी. पाच-सहा महिने कोणी फिरकलेच नाही, तर पालकाला मुलाची ओढच नव्हती, असे मांडायला समोरच्या वकिलाला वाव मिळतो. विम्याची किंवा अपघात भरपाईची रक्कम मुलाच्या नावे ठेव म्हणून ठेवली, की पैशासाठीच मूल हवे असल्याचा निम्मा संशय तिथेच निवतो. आजी-आजोबांनीही पालकत्व मागण्याऐवजी सुट्टीतील भेटींचे दिवस लेखी मागावेत; ती मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

वकिलाच्या खर्चाला भिऊन मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावा.