पिकअपचा पिवळा दिवा आणि आपली दहा किलोमीटरची फेरी



गेल्या हंगामात ऑफिसात मासळीच्या दराची जेवढी चर्चा झाली, तेवढीच पिकअपच्या बिलांची झाली. जो येतो तो हेच सांगतो, नवी गाडी घेतली हेच चुकलं, जुनी ठोकून-ठाकून चालत तरी होती. बोटीचं इंजिन आपण आवाजावरून ओळखतो, पण गाडीचा पिवळा दिवा लागला की सगळे गप्प. म्हणून गेल्या वर्षभरात मेस्त्रींकडे उभं राहून जे समजलं ते इथे लिहितो.

आपल्या एका सभासदाची गोष्ट आधी सांगतो. गाडी तीन वर्षांची, बँकेचा हप्ता अजून चालू. शापोऱ्याच्या जेटीवरून बांगडा भरून पहाटे म्हापशाला निघाला. आसगावजवळ गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना, पुढून दोन दिवे लागलेले. रडत-खडत बाजारात पोचला तोवर मोठे घेणारे उठून गेले होते आणि बर्फ अर्धा वितळला होता. मिळेल त्या दराने माल दिला. पहिल्या गॅरेजने मशीन लावून दिवा घालवला. तो आठ दिवसांत परत आला. दुसऱ्याने फिल्टर, तेल आणि दोन सेन्सर बदलले. पंधरा दिवसांनी तोच दिवा. तिसऱ्याने सांगितलं, डीपीएफ पूर्ण बदला, आणि आकडा ऐकून घरची मंडळी म्हणाली, गाडीच विकून टाका.

हा डीपीएफ काय ते आधी समजून घेऊ. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. तेव्हापासूनच्या डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळीदार डबा असतो. धुरातली काजळी तो अडवून ठेवतो. पण अडवलेली काजळी कुठे जाणार? ती आतच जाळावी लागते, आणि त्यासाठी डब्यात साधारण ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. हायवेवर अर्धा तास एकसारखी गाडी चालली तर हे काम आपोआप होतं, ड्रायव्हरला कळतही नाही. उष्णता कमी पडली तर गाडीचा कॉम्प्युटर थोडं जास्त डिझेल सोडून ती वाढवतो.

आता आपली फेरी बघा. जेटी ते म्हापसा दहा-बारा किलोमीटर. वाटेत वळणं, गावं, स्पीडब्रेकर. इंजिन नीट तापतं तोवर बाजार येतो आणि आपण चावी बंद करतो. त्याच्या आधी जेटीवर लिलाव संपेपर्यंत गाडी चालू ठेवून बसायचं, कारण मोबाइल चार्ज होतोय. गाडी उभी राहून चालते तेव्हा धूर थंड असतो, काजळी साचते, जळत काही नाही. जळायला सुरुवात झाली आणि मध्येच चावी बंद केली तर काम अर्धवट राहतं. असं पाच-सहा वेळा झालं की दिवा लागतो. म्हणजे गाडी वाईट नाही, आपलं काम तिच्या सवयीचं नाही. कंपनीचा सेल्समन गाडी विकताना हे सांगत नाही, त्याचा मला अजून राग आहे.

अर्धवट जळण्यातून अजून एक नुकसान होतं. ते जास्त सोडलेलं डिझेल थोडं-थोडं खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पट्टी काढून बघितली तर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. आपले लोक खूश होतात, गाडी तेल खात नाही म्हणून. बाबांनो, पट्टीवर खुणेच्या वर तेल चढलं आणि डिझेलचा वास आला तर ते पातळ झालंय. तसंच चालवत राहिलात तर टर्बो आणि बेअरिंग जातात. ताबडतोब बदला. आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. साध्या तेलाची राख डीपीएफमध्ये बसते, आणि राख काही केल्या जळत नाही.

डीपीएफचा दिवा एकटाच पिवळा लागला असेल, बाकी काही नसेल, तर बहुतेक गाड्यांत उपाय सोपा आहे. टाकीत पुरेसं डिझेल ठेवून मोठ्या रस्त्याला लागा, पन्नास-साठच्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. रविवारी गाडी रिकामी घेऊन हायवेवर एक फेरी मारली तरी चालतं. डिझेल फुकट जातं असं वाटेल, पण गॅरेजच्या बिलापुढे ते काहीच नाही. मात्र इंजिनचा दिवाही सोबत लागला, किंवा गाडी लंगडायला लागली, तर जोर करू नका. आणि एक लक्षात ठेवा, जळण चालू असताना सायलेन्सर भयंकर तापतो. सुकं गवत, नायलॉनची जाळी, प्लॅस्टिकचे क्रेट यांच्यावर गाडी उभी करू नका.

आता त्या सभासदाच्या गाडीचं पुढे काय झालं ते. एका वायरिंगवाल्या म्हाताऱ्या मेस्त्रीने गाडी खालून बघितली. हौद्याच्या पत्र्याला एक भोक होतं, बर्फाचं खारं पाणी रोज त्यातून खाली गळत होतं, आणि डीपीएफचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या प्लगवर पडत होतं. प्लगच्या पिना हिरव्या झाल्या होत्या. सेन्सर उलटंसुलटं सांगत होता, म्हणून कॉम्प्युटर जळण सुरूच करत नव्हता. मग हायवेवर कितीही फिरवा, उपयोग शून्य. आधीच्या गॅरेजने सेन्सर नवा घातला तोही त्याच सडक्या प्लगवर! नवा प्लग, भोक वेल्डिंग, आणि मशीन लावून गाडी उभी ठेवून काजळी जाळून घेतली. डीपीएफ जुनाच आहे, गाडी आजही चालते.

म्हणून गॅरेजला गेलात की आधी आपलं काम सांगा: रोज छोटी फेरी, खारं पाणी, उभी गाडी चालू. मग विचारा, कोड काय आला, काजळी किती दाखवते, प्लग आणि अर्थिंगची वायर तपासली का? कोड बिलावर लिहून घ्या. नुसता दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. चारही इंजेक्टर बदला असं कोणी म्हणालं तर आधी परतीच्या डिझेलची टेस्ट करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरच्या नळीला बाटली लावतात, ज्याचं डिझेल जास्त परत येतं तो खराब. कित्येकदा एकच निघतो. डीपीएफ कापून पाइप लावून देतो म्हणणारेही आहेत. ते कायद्यात बसत नाही आणि वॉरंटी जाते. मी तरी करणार नाही.

इंजेक्टर मुळात जातात ते पाण्याने. बोटीच्या पिंपातलं डिझेल गाडीत ओतायची सवय काहींना आहे. बोटीच्या सवलतीचं डिझेल गाडीसाठी नाहीच, शिवाय पिंपाच्या तळाला पाणी असतं. जुन्या गाडीने ते पचवलं असेल. आताच्या इंजेक्टरमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, तिथे पाण्याचा थेंबही गंज धरवतो. डिझेल फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसाळ्याआधी आणि नंतर तो नक्की उघडा.

आता १ जूनपासून बंदी लागेल, ३१ जुलैपर्यंत बहुतेक गाड्या उभ्या राहतील. उभी करण्याआधी खालून, पाट्यांपासून ब्रेकच्या पाइपापर्यंत, गोड्या पाण्याने धुवा आणि नीट सुकवा. टाकी भरून ठेवा, अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. दर दोन आठवड्यांनी बाहेर काढून अर्धा तास चालवा. अंगणात उभी ठेवून दहा मिनिटं चालू केली तर उलट काजळीच वाढते. ज्यांना अजिबात चालवायची नाही त्यांनी बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी.

ज्यांच्या गाडीचा दिवा पुन्हा-पुन्हा लागतोय त्यांनी सगळी जुनी बिलं घेऊन ऑफिसात या. बसून बघू, कोणता पार्ट किती वेळा बदललाय ते.