ऊन आणि सावली एकाच चित्रात
उच्च दीप्तिपरास छायाचित्रणाचा परिचय

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराजवळ, नर्मदेच्या काठी, भेडाघाट हे प्रसिद्ध स्थान आहे. धुआंधार प्रपातावरून कोसळल्यानंतर नर्मदा येथे संगमरवराच्या एका अरुंद घळीत शिरते. दोन्ही बाजूंस सुमारे १०० फूट उंचीचे कडे सरळ उभे असून त्यांच्या पायथ्याशी नदीचे पात्र खोल व शांत आहे. भेडाघाट व लम्हेटाघाट यांचा समावेश २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत करण्यात आला. या घळीचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्यास मात्र एक अडचण हटकून येते. उन्हात न्हालेला कडा नीट उमटावा, तर समोरची सावली काळीकुट्ट होते. सावलीतील खडकांच्या भेगा दिसाव्यात, तर उन्हातील कडा कोऱ्या कागदासारखा पांढराफेक पडतो. नावेत बसलेल्या माणसाला दोन्ही कडे दिसत असतात. मग कॅमेऱ्यालाच ते का दिसू नयेत? या प्रश्नाचे उत्तर आणि त्यावरील उपाय यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. दीप्तीचा परास

एखाद्या दृश्यातील सर्वांत उजळ भाग सर्वांत अंधाऱ्या भागाच्या किती पट उजळ आहे, हे सांगणाऱ्या गुणोत्तरास त्या दृश्याचा दीप्तिपरास म्हणतात. छायाचित्रकारांच्या बोलण्यात यालाच डायनॅमिक रेंज असे नाव आहे. हा परास मोजण्याचे त्यांचे माप 'स्टॉप' हे होय. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, चौपट झाला की दोन, आठपट झाला की तीन, असा हा हिशेब आहे.

आता घळीचा हिशेब करू. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. समजा, घळीच्या एका खोल सावलीत तो १,००० लक्स आहे. म्हणजे केवळ प्रकाशामुळे १०० पट अंतर पडले. त्यात खडकांच्या रंगाची भर पडते. स्वच्छ पांढरा संगमरवर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १०० भागांतील ८० भाग परत पाठवतो असे मानले, आणि सावलीतील काळसर खडक केवळ ४ भाग परत पाठवतो असे धरले, तर हे अंतर आणखी २० पट होते. दोहोंचा गुणाकार २,००० येतो. म्हणजे जवळजवळ ११ स्टॉप.

हा परास कोठे मावतो, ते पाहू. चकचकीत कागदावरील उत्तम छापील चित्रात सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या साधारण १०० पट उजळ असतो. म्हणजे ६ ते ७ स्टॉप. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याचा संवेदक १२ ते १४ स्टॉप नोंदवू शकतो हे खरे; परंतु त्यातील खालचे काही स्टॉप दाणेदार ठिपक्यांनी इतके भरलेले असतात की, ते उजळून पाहिल्यास खडकाऐवजी ठिपकेच दिसतात. यावरून अडचणीचे मूळ स्पष्ट होते. दृश्य मोठे आहे आणि ते ठेवण्याचे भांडे लहान आहे.

माणसाचा डोळा मात्र अशा दृश्यात अडत नाही. बाहुलीचा व्यास सुमारे २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत बदलतो. त्यामुळे आत जाणारा प्रकाश १६ पट कमीअधिक होतो. त्याहून पुष्कळ मोठा बदल दृष्टिपटलाच्या संवेदनक्षमतेत घडतो. शिवाय डोळा संपूर्ण दृश्य एका क्षणात टिपत नाही. तो कड्यावरून सावलीकडे, सावलीतून पाण्याकडे फिरत राहतो, प्रत्येक ठिकाणी स्वतःला जुळवून घेतो, आणि या तुकड्यांतून मेंदू एक अखंड चित्र उभे करतो. कॅमेऱ्याला एका उद्भासनात, म्हणजे प्रकाश आत घेण्याच्या एका वेळेत, हे साधत नाही.

२. उपाय जुनाच आहे

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत; त्यामुळे भूमी नीट उमटेपर्यंत आकाश पूर्ण पांढरे होऊन जाई. १८५० नंतरच्या दशकात फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची काही चित्रे दोन निगेटिव्ह जोडून तयार केली. एक निगेटिव्ह आकाशासाठी, दुसरी समुद्रासाठी. पुढे अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास दृश्यातील दीप्तीची पट्ट्यांत विभागणी करून उद्भासन ठरवण्याची पद्धत घालून दिली. अंधाऱ्या खोलीत छपाई करताना कागदाच्या काही भागावर हाताची वा पुठ्ठ्याची सावली धरून तो उजळ ठेवणे, आणि काही भागावर जास्त वेळ प्रकाश पाडून तो गडद करणे, ही तर नित्याची कामे होती. अणुस्फोटाचा डोळे दिपवणारा गोळा टिपण्यासाठी चार्ल्स वायकॉफ याने वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे थर असलेली फिल्म तयार केली, तिचाही हेतू हाच होता.

संगणकामुळे या कल्पनेला गणिताची जोड मिळाली. १९९५ साली स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड यांनी, आणि १९९७ साली पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनी, एकाच दृश्याच्या अनेक छायाचित्रांतून त्याची खरी दीप्ती कशी काढावी हे दाखवून दिले. २००५ साली फोटोशॉप या सर्वपरिचित सॉफ्टवेअरात ही सोय आली. आज ल्युमिनन्स एचडीआर यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअरही उपलब्ध आहेत, आणि पुष्कळ मोबाइल फोन हेच काम वापरणाऱ्याच्या नकळत करतात.

३. तीन चित्रांतून एक नोंद

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून घळीची तीन छायाचित्रे घेतली, असे समजू. लेन्सचे छिद्र तिन्ही वेळा तेच ठेवले. कारण छिद्र बदलले की जवळची व दूरची कोणती वस्तू स्पष्ट दिसते, तेही बदलते. केवळ वेळ बदलली: पहिल्या चित्रास १/४०० सेकंद, दुसऱ्यास १/१०० सेकंद, तिसऱ्यास १/२५ सेकंद. प्रत्येक चित्रबिंदूची नोंद ० ते २५५ या आकड्यांत होते आणि आकडा प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो, असे धरू.

मध्यम उजेडातील एका खडकाची नोंद अनुक्रमे १५, ६० आणि २४० अशी आली. प्रत्येक आकड्यास त्याच्या वेळेने भागले, म्हणजेच ४००, १०० व २५ यांनी गुणले, की तिन्ही वेळा ६,००० हेच उत्तर येते. हीच त्या खडकाची सापेक्ष दीप्ती. उन्हातील संगमरवराची नोंद पहिल्या चित्रात २०० आली, उरलेल्या दोहोंत २५५. येथे २५५ याचा अर्थ 'भांडे भरून वाहिले' एवढाच आहे. म्हणून ते दोन आकडे सोडून द्यावयाचे आणि २०० ला ४०० ने गुणून ८०,००० हे उत्तर घ्यावयाचे. सावलीतील भेगेची नोंद पहिल्या चित्रात जवळजवळ शून्य, दुसऱ्यात २ आणि तिसऱ्यात ८ अशी आली. त्यांपैकी तिसरा आकडा अधिक विश्वासार्ह. त्यावरून उत्तर २०० येते. अशा रीतीने प्रत्येक बिंदूसाठी ज्या चित्राची साक्ष भरवशाची, तिलाच अधिक वजन दिले जाते.

साध्या छायाचित्राच्या फाइलीत आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. कॅमेरा त्यांना एका वक्राप्रमाणे बदलून ठेवतो. डेबेवेक व मलिक यांच्या पद्धतीचे महत्त्व असे की, तो वक्र कोणता आहे हे त्या अनेक चित्रांवरूनच ताडता येते.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. एकाच छायाचित्रावर सॉफ्टवेअरातील 'एचडीआर' नावाची कळ दाबली, तर चित्र भडक व उठावदार दिसते. पण जो कडा २५५ वर जाऊन कोरा झाला, त्यावरील रेषा परत येत नाहीत. ज्याची नोंदच झाली नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर शोधून काढू शकत नाही. ते फार तर शेजारच्या भागावरून कल्पना करील.

४. मोठा परास लहान कागदावर

वरील नोंदीत २०० पासून ८०,००० पर्यंतचे आकडे आहेत. हा ४०० पटींचा परास १०० पटींच्या कागदावर जसाच्या तसा मावणार नाही. तो दाबून बसवावा लागतो. या दुसऱ्या पायरीस टोन मॅपिंग, म्हणजे छटांची पुनर्मांडणी, म्हणतात. एरिक राइनहार्ड व त्यांचे सहकारी यांनी २००२ साली मांडलेल्या पद्धतीच्या मुळाशी एक साधे सूत्र आहे: प्रत्येक दीप्तीस 'ती दीप्ती अधिक एक' या संख्येने भागावे. दीप्ती १ असल्यास उत्तर १/२ येते, ९ असल्यास ९/१० आणि ९९ असल्यास ९९/१००. दीप्ती कितीही वाढली तरी उत्तर १ च्या पुढे जात नाही. आणि मंद भागांतील फरक मात्र बहुतांशी तसेच राहतात.

हे सूत्र सर्व बिंदूंना सारखेच लागू पडते. दुसऱ्या प्रकारच्या पद्धती प्रत्येक बिंदूच्या आजूबाजूचा उजेड पाहून त्याची छटा ठरवतात. अंधाऱ्या खोलीतील पुठ्ठ्याच्या सावलीचेच हे संगणकी रूप होय. यामुळे बारकावे अधिक उठून दिसतात. पण प्रमाण चुकले की कड्याच्या कडेने आकाशात एक पांढरट वलय उमटते. असे वलय दिसल्यास चित्र जास्त दाबले गेले आहे, असे खुशाल समजावे.

आणखी एक दोष हालणाऱ्या वस्तूंमुळे येतो. तीन चित्रे घेईपर्यंत नाव पुढे सरकते, आणि धुआंधारचे तुषार तर दोन क्षणही एकसारखे नसतात. जोडलेल्या चित्रात मग अर्धपारदर्शक, भुतासारखी नाव दिसू लागते. यावर उपाय असा की, खडकांसाठी तिन्ही चित्रे वापरावी, आणि पाणी व नाव यांच्यापुरते एकच चित्र निवडून घ्यावे.

५. खडकाचा रंग की सावलीचा?

भेडाघाटाच्या चित्रांत याहून गंभीर चूक रंगाची होते. उघड्या आकाशाखालील सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही. तेथे येतो तो मुख्यतः निळ्या आकाशाचा. म्हणून सावलीतील पांढरा संगमरवर कॅमेऱ्यास किंचित निळसर दिसतो. डोळा ही निळाई बव्हंशी दुर्लक्षितो. सॉफ्टवेअरात सावली उजळली आणि त्याबरोबर रंगही गडद केले की, ही फिकट निळाई ठसठशीत निळी होते. पाहणाऱ्यास वाटते की, कडा निळ्या दगडाचा आहे. भेडाघाटाच्या खडकांत पांढऱ्याबरोबर करड्या व इतर छटा खरोखरच आहेत. त्यामुळे खरी छटा कोणती आणि सॉफ्टवेअरने वाढवलेली कोणती, हे केवळ चित्रावरून सांगणे कठीण होऊन बसते. भिंतीवर लावावयाच्या चित्रात हे चालून जाईल. परंतु भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्या चित्रावरून खडक ओळखावयाचा असेल, किंवा वीस वर्षांनी कड्यांची झीज ताडून पाहावयाची असेल, तर असे चित्र चुकीची साक्ष देईल. म्हणून नोंदीसाठी घेतलेल्या छायाचित्रांच्या मूळ फाइली जपून ठेवाव्या, चित्राखाली प्रत्येक उद्भासनाची वेळ लिहावी, आणि शक्य तेथे दृश्यात एक करडे वा पांढरे कार्ड ठेवून घ्यावे.

६. शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

आकाश निरभ्र असताना शाळेच्या अंगणात एक पांढरा कागद असा ठेवावा की, त्याचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा भाग भिंतीच्या सावलीत येईल. भिंत शक्यतो पांढरी वा करडी असावी. रंगीत भिंतीचा रंग कागदावर उतरतो. कॅमेऱ्याचे रंगसंतुलन 'सूर्यप्रकाश' या खुणेवर स्थिर ठेवावे आणि कॅमेरा न हलवता, दोन-दोन स्टॉपांच्या अंतराने, तीन छायाचित्रे घ्यावी. कोणत्या चित्रात उन्हातील कागदाचा पोत दिसतो व कोणत्यात सावलीतील, याची नोंद करावी. मग सॉफ्टवेअराने तिन्ही चित्रे जोडून सावली हळूहळू उजळत न्यावी. कागद एकच आहे हे सर्वांना ठाऊक असते. तरीही पडद्यावर त्याचा सावलीतील भाग निळा होत जातो. तो किती उजळल्यावर वर्गातील पहिला विद्यार्थी त्यास 'निळा कागद' म्हणतो, ते लिहून ठेवावे आणि त्या दोन भागांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावे.