समुद्राच्या कडेने पायी

वारीला आपण पायी जातो. शेतावर पायी जातो. गाडी चुकली तर बाजारालाही पायीच जातो. पण नुसते बघायला म्हणून चार दिवस पायी हिंडावे, असे सहसा आपल्या मनात येत नाही. ‘सहल’ म्हटली की मोटार हवी, पैसा हवा, वाट दाखवणारा माणूस हवा, असे आपल्याला वाटते.

तसे काही नाही. समुद्रकाठी गावाला लागून गाव असते. सकाळी एका गावाहून निघावे, वाळूवरून चालावे आणि दिवस कलायच्या आत दुसऱ्या गावी पोचावे. तेथे मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पुढचे गाव. सोबत कोणी वाटाड्या लागत नाही. मात्र दोन गोष्टी लागतात. एक, समुद्राची वेळ कळली पाहिजे. दुसरी, गावकऱ्यांना विचारण्याची लाज वाटता कामा नये.

या दोन्ही गोष्टींत माझी कशी फजिती झाली, ते आज सांगतो.

आम्ही कोण, कोठे गेलो

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, घाटावर. तीस वर्षे मी शाळेत शिकवले. भरती-ओहोटीचा धडा दरवर्षी शिकवला. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली. पण खरी भरती डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती! निवृत्त झाल्यावर ठरवले, की एकदा जायचेच.

सोबतीला आमच्या आळीतले मिस्त्री आले. ते गवंडीकाम करतात. वय पन्नाशीच्या पुढे. लहानपणी शाळा झाली नाही. आमच्या रात्रीच्या वर्गात ते वर्षभर बसले आणि वाचायला शिकले. अक्षरावर बोट ठेवून, सावकाश वाचतात. ते मला गुरुजी म्हणतात, मी त्यांना मिस्त्री म्हणतो.

पौष महिना होता. थंडी बेताची होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात आम्ही गेलो. आंजर्ले, हर्णे, मुरूड, कर्दे आणि लाडघर ही गावे किनाऱ्याने एकापाठोपाठ एक येतात. तीन दिवसांत ती पायी करायची, असे ठरले. रोज दोन-तीन कोसांहून जास्त चालायचे नाही.

वाटेवर काय पाहिले

आंजर्ल्याला टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे. त्याला ‘कड्यावरचा गणपती’ म्हणतात. तेथून खाली पाहिले की माडांची बने आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. मिस्त्री किती तरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, एवढं पाणी, आणि आपल्याकडं विहिरीला हंडा बुडत नाही.”

आंजर्ले आणि हर्णे यांच्यामध्ये खाडी आहे. पूर्वी ती होडीतून ओलांडावी लागे. आता पूल आहे.

आंजर्ल्याच्या वाळूत थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालतात. मादी रात्री वर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी लोक खाऊन टाकीत. २००२ साली याच किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या वेळास गावी चिपळूणच्या एका संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती राखायला सुरुवात केली. आता अनेक गावांत कासवे राखतात. म्हणून रात्री वाळूवर दिवे घेऊन हिंडू नये. पिले उजेडाकडे धावतात आणि वाट चुकतात.

हर्णे हे मासळीचे मोठे बंदर. होड्या आल्या की वाळूवरच लिलाव होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. मराठ्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. १७५५ साली इंग्रजांच्या आरमाराने, पेशव्यांशी संगनमत करून, तो आंग्र्यांकडून घेतला. २०२५ साली जगाने जपण्याजोग्या ठिकाणांच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घातले गेले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. मिस्त्रींनी तटाकडे पाहून विचारले, “पाण्यात पाया कसा धरला असेल हो?” मला सांगता आले नाही.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. परीक्षेला बसण्यासाठी ते या गावाहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. वाट शंभर मैलांहून जास्त, दिवस पावसाचे, मध्ये सह्याद्रीचा घाट. एवढे करून पोचले, तर ‘तू फार लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! पण ते खचले नाहीत. पुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी जन्म वेचला. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे शाळा नाही अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले. १९५८ साली ते ‘भारतरत्न’ झाले.

मिस्त्री म्हणाले, “म्हणजे आपल्या साताऱ्यानं त्यांना परत पाठवलं होतं तर!” आम्ही दोघेही थोडे ओशाळलो.

समुद्राचे घड्याळ

आता मुख्य गोष्ट. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. चंद्राच्या ओढीने हे मुख्यत्वे घडते. सूर्यही थोडे ओढतो. पाणी चढायला सुमारे सहा तास, उतरायला सुमारे सहा तास. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त, पुढे सरकते.

अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी फार चढते आणि फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात.

हर्णे बंदरात जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी आम्हांला हिशेब सांगितला. कोकणात तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

तिथीची पाऊणपट करावी. जेवढी येईल, तेवढ्या वाजता भरती पूर्ण.

म्हणजे असे :

चतुर्थी : चारची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती पूर्ण.
अष्टमी : आठची पाऊणपट सहा. सहा वाजता भरती पूर्ण.
द्वादशी : बाराची पाऊणपट नऊ. नऊ वाजता भरती पूर्ण.

पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. सकाळी ज्या सुमारास भरती, रात्रीही साधारण त्याच सुमारास. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी पूर्ण होण्याची वेळ मिळते. हा अंदाज आहे, बरं का. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून हिशेब करावा आणि गावात विचारूनही घ्यावे.

त्या दिवशी दशमी होती. मिस्त्रींनी पिशवीतून दिनदर्शिका काढली, बोट ठेवून तिथी वाचली आणि बोटांवर हिशेब केला. “दहाची पाऊणपट साडेसात. गुरुजी, पाढा उपयोगी पडला!”

माझी चूक

दशमी आणि एकादशी हे दोन दिवस चांगले गेले. तिसरा दिवस द्वादशीचा. कर्द्याहून लाडघरला जायचे होते. मिस्त्रींनी सकाळीच हिशेब सांगितला. नऊला भरती, सव्वातीनला ओहोटी पूर्ण. “गुरुजी, दोन वाजता निघू. पाणी उतरत असताना चालू.”

मी म्हटले, “घाई कशाला? सव्वातीनला ओहोटी पूर्ण होते. मग पुढची भरती रात्री नऊला. तोवर वाट मोकळीच.”

जेवण झाले, डुलकी झाली, चहा झाला. चार वाजता निघालो. वाटेत मी शंख-शिंपले वेचले. साडेपाचला वाळू संपली आणि काळे खडक लागले. खडकांना वळसा घालून पलीकडे जायचे होते. पाहतो तो खडकांच्या पायथ्याशी पाणी आलेले!

मिस्त्री थांबले. त्यांनी खडकावर हात ठेवला. “गुरुजी, ही ओली रेघ बघा. माझ्या छातीच्या वर आहे. पाणी रोज इथवर चढतंय. मागं फिरू.”

मी ऐकले नाही. तीस वर्षे भरती शिकवलेला माणूस मी! “गुडघाभर तर पाणी आहे,” म्हणून पुढे झालो. दहा पावले गेलो. एक लाट आली, तिने पाय काढून घेतले. मी खडकावर आपटलो. खडकाला कालवांच्या धारदार शिंपा असतात. गुडघा फाटला. तोंडात खारे पाणी गेले. दुसरी लाट यायच्या आत मिस्त्रींनी माझा दंड धरला आणि मला ओढून बाहेर काढले.

नाकावरचा चष्मा मात्र समुद्राने नेला.

इतक्यात वरून हाक आली. टेकडीच्या वाटेने डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण चालली होती. ती ओरडली, “अवो बाबा, पानी भरतंय! खालनं जाऊ नका. वर या, वर पाखाडी हाय!” ती खाली आली. आम्हांला दगडी पायऱ्यांच्या वाटेने टेकडीपलीकडे घेऊन गेली. चालता चालता म्हणाली, “वाईच आधी कुनाला इचारलं असतं तर?” मी काहीच बोललो नाही. मागे वळून पाहिले, तर ज्या खडकावर मी पडलो होतो, त्यावरून लाटा जात होत्या. अंधार पडत होता.

मंडळी, माझा हिशेब बरोबर होता. अर्थ चुकला होता. ओहोटी पूर्ण होते, त्याच घटकेला भरती सुरू होते. मी ती वेळ चालायला सुरुवात करण्याची समजलो. ती खरे तर वाट संपवण्याची वेळ होती.

चष्म्याविना दोन दिवस

दुसऱ्या दिवशी लाडघरहून दापोलीच्या एस.टी. स्थानकावर आलो. चष्म्याशिवाय मला जवळचे नीट दिसत नाही आणि लांबचेही दिसत नाही. तीन गाड्या उभ्या. तिन्ही सारख्याच दिसत होत्या. मिस्त्री पाणी आणायला गेले होते. मी एका गृहस्थाला विचारले, “ही गाडी कोठे जाते?”

तो म्हणाला, “पाटी लावलीय की. वाचता येत नाही का?”

एवढेच बोलून तो गेला. मी तसाच उभा राहिलो. माझ्याच वर्गात, माझ्याच तोंडून, मुलांच्या आईबापांना मी असे कितीदा बोललो असेन, ते आठवू लागलो.

मिस्त्री आले. गाडीसमोर उभे राहिले. “चि… प… ळू… ण. चिपळूण! हीच आपली, गुरुजी.” गाडीत बसल्यावर त्यांनी तिकिटावरचे पैसे वाचले, उरलेले मोजून घेतले. चिपळूणला दुसऱ्या गाडीची पाटीही त्यांनीच वाचली. कुंभार्ली घाटातले फलक ते मोठ्याने वाचीत होते. मी ऐकत होतो. शेजारच्या माणसाने त्यांना विचारले, “यांना वाचता येत नाही वाटतं?”

मिस्त्री म्हणाले, “येतं हो. मला यांनीच शिकवलं.”

नवा चष्मा घेतल्यावर मी पहिले काम केले ते हे, की रात्रीच्या वर्गात जाऊन फळ्यावर भरती-ओहोटीचा धडा पुन्हा काढला. पण शिकवायला मिस्त्रींना उभे केले.

तुम्ही गेलात तर

१. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत जावे. पावसाळ्यात किनाऱ्याने चालू नये.
२. सकाळी तिथी पाहून हिशेब करावा. खडकांची वाट ओहोटी पूर्ण होण्याच्या आत संपवावी.
३. गावातल्या माणसाला विचारावे. कोळी बांधवांचा शब्द शेवटचा मानावा.
४. वाहत्या खाडीत पायी उतरू नये. पूल किंवा होडी पाहावी.
५. पिण्याचे पाणी, टोपी, भाकरी, विजेरी आणि दिनदर्शिका जवळ असावी. चष्मा असेल तर त्याला दोरी बांधावी.

शब्दांचे अर्थ

उधाण : मोठी भरती. भांग : लहान भरती-ओहोटीचे दिवस. पाखाडी : दगडी पायऱ्यांची वाट. कालव : खडकाला चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव. पाऊणपट : चार भागांपैकी तीन भाग.

सांगा पाहू

१. घरातली दिनदर्शिका पाहा. आज तिथी कोणती? आज कोकणात भरती केव्हा पूर्ण होईल?
२. गुरुजींचा हिशेब बरोबर असूनही ते का फसले?
३. खडकावरची ओली रेघ पाहून मिस्त्रींना काय कळले?
४. तुमच्या कामात अशी कोणती खूण आहे, जी तुम्हांला ओळखता येते आणि शिकलेल्या माणसाला येत नाही? चार ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.