चकतीचा गोल्फ : नवशिक्यांसाठीं कांहीं पाठ



खेळ म्हटला म्हणजे धांवणारे पाय, घामानें भिजलेले अंगरखे आणि बळाची चढाओढ, असें चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्याच्या अंगांत बळ बेताचें, तो मुलगा गडी निवडतांना शेवटीं उरतो व पुष्कळदां मैदानाच्या कडेला बसून इतरांचे कपडे सांभाळतो. आज ज्या खेळाची ओळख करून देण्याचें योजिलें आहे, तो अशा मुलाला, आणि बलवान् मुलालाही, एक निराळा धडा शिकवितो. तो धडा असा कीं, हातांतील वस्तूचा स्वभाव ओळखून तिला नीट सोडणें हें तिला जोरानें भिरकावण्यापेक्षां अधिक फलदायी असतें. ह्या खेळाचें नांव डिस्क गोल्फ. मराठींत त्यास चकतीचा गोल्फ म्हणावयास हरकत नाहीं.

खेळाचें स्वरूप

गोल्फमध्यें चेंडू काठीनें मारून दूरच्या भोंकांत घालावयाचा असतो. येथें काठी नाहीं, चेंडू नाहीं व भोंकही नाहीं. हातानें फेंकावयाची एक प्लॅस्टिकची चकती आणि खांबावर कमरेइतक्या उंचीला बसविलेली एक लोखंडी टोपली, एवढेंच मुख्य साहित्य. टोपलीच्या वर गोलाकार साखळ्या लोंबत असतात. चकती त्यांवर आदळली कीं तिचा वेग मरतो व ती खालच्या टोपलींत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेंक करावयाची, चकती जेथें थांबेल तेथें जाऊन तिच्या मागून दुसरी करावयाची, आणि असें करीत करीत टोपली गांठावयाची. एका मैदानांत अशा बहुधा नऊ किंवा अठरा टोपल्या असतात. ज्याच्या एकूण फेंकी सर्वांत कमी, तो विजयी.

ह्या खेळाची जन्मभूमि मुख्यतः अमेरिका. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन ह्यानें बनविलेली प्लॅस्टिकची तबकडी १९५७ सालीं व्हॅम-ओ नामक कंपनीनें बाजारांत आणली व तीच पुढें फ्रिस्बी ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. त्याच कंपनींतील एड हेड्रिक ह्यानें तिच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे घालून तिचें उड्डाण अधिक स्थिर केलें. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत त्यानें पहिलें कायमचें मैदान आंखलें. तेथें प्रथम नुसते खांबच लक्ष्य म्हणून रोविले होते. परंतु खांबाला चकती लागली कीं नाहीं ह्याचा निवाडा करणें अवघड, म्हणून पुढें साखळ्यांची टोपली त्यानेंच योजिली. १९७६ सालीं ह्या खेळाची व्यावसायिक संघटना त्यानें स्थापन केली. आजच्या चकतीचें रूप मात्र १९८३ नंतरचें आहे. त्या वर्षीं डेव्ह ड्युनिपेस ह्यानें चकतीचा बोथट कांठ निमुळता केला. त्यामुळें ती वारा कापीत पूर्वींपेक्षां पुष्कळ दूर जाऊं लागली.

साधनें

चकत्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिली पटर : हिचा कांठ जाड व बोथट असतो, ही सावकाश व सरळ जाते आणि टोपलीजवळच्या फेंकीला उपयोगी पडते. दुसरी मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची : हिचा कांठ थोडा निमुळता असतो. तिसरी ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची : हिचा कांठ पातळ धारेचा व रुंद असतो, आणि अतिवेगवान् प्रकारांत ही रुंदी दोन सेंटिमीटरांहूनही अधिक असते. तिन्ही चकत्यांचा व्यास सामान्यतः २१ ते २२ सेंटिमीटर व वजन बहुधा १५० ते १७५ ग्रॅम असतें. नवशिक्यानें ह्यांतील हलक्या चकत्या घ्याव्या.

पुष्कळ चकत्यांच्या पाठीवर चार आंकडे छापलेले असतात. पहिला आंकडा वेगाचा. दुसरा तरंगण्याचा. तिसरा आरंभींच्या वळणाचा, व चौथा शेवटच्या झुकावाचा. ‘एव्हिअर’ नांवाच्या प्रसिद्ध पटरचे आंकडे २, ३, ०, १ असे आहेत, तर ‘डिस्ट्रॉयर’ ह्या ड्रायव्हरचे १२, ५, उणें १, ३ असे आहेत. पहिला आंकडा मोठा म्हणजे चकती आपोआप वेगानें जाते, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. त्याचा खरा अर्थ असा कीं, तेवढा वेग फेंकणाऱ्यानें दिला तरच ती चकती आपला गुण दाखवील.

हें मला उशिरा कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेंत आप्तांकडे राहण्याचा योग आला असतां जवळच्या सार्वजनिक उद्यानांत मीं हा खेळ प्रथम पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशीं दुकानांत जाऊन सर्वांत मोठ्या आंकड्याची चकती विकत आणली. मी फेंकीं आणि ती थोडी पुढें जाऊन डावीकडे झुडपांत शिरे. मी रोज अधिक जोर लावूं लागलों. तिसऱ्या आठवड्यांत चकती तेथेंच जात होती, आणि माझा खांदा मात्र धरला होता. त्याच उद्यानांत सत्तरीच्या घरांतील एक गृहस्थ एकच झिजलेली पटर घेऊन येत व प्रत्येक फेरींत मला सहज मागें टाकीत. एके दिवशीं माझी चकती हातांत घेऊन ते म्हणाले, “ही तुम्ही कशीही फेंका, डावीकडेच जाणार. मग तुमची चूक कोणती, हें तुम्हांला कळणार कसें?” त्यांनीं आपली पटर माझ्या हातीं दिली. पहिल्याच फेंकींत ती डुगडुगली, वर चढली आणि पुढ्यांत पडली. परंतु त्या एका फेंकींत माझे दोन दोष मला दिसले. मंद चकती ही कडक पण प्रामाणिक शिक्षिका आहे. म्हणून नवशिक्यानें एक पटर व एक मिडरेंज एवढ्यावरच पहिले कांहीं महिने काढावे.

चकती कां तरंगते?

भोवरा जोरानें फिरत असतो तोंवर आरीवर ताठ उभा राहतो, आणि फिरकी मंदावली कीं डोलूं लागून आडवा होतो, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. चकतीचेंही तसेंच आहे. तिला पुढें नेतो तो वेग, पण तिला तोल देते ती फिरकी. फिरकीवांचून नुसता वेग दिल्यास ती हवेंत डुगडुगते व खालीं येते.

उजव्या हातानें, तळहात आपल्याकडे ठेवून, छातीसमोरून फेंकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते. ती वेगांत असतां हवेचा उचलणारा दाब तिच्या मध्याच्या किंचित् मागें राहतो. वेग कमी झाला कीं तो पुढें सरकून तिचें नाक उचलूं पाहतो. परंतु फिरत्या वस्तूला एका दिशेनें ढकललें असतां ती त्या दिशेस न कलतां आडव्या दिशेस कलते. म्हणून ही चकती आरंभीं वेग भरपूर असल्यास किंचित् उजवीकडे वळते, आणि शेवटीं वेग संपतांना डावीकडे झुकते. डावखुऱ्या खेळाडूनें हें सर्व उलट समजावें. माझी अतिवेगवान् चकती झुडपांत कां जात होती, ह्याचा उलगडा आतां वाचकांस सहज होईल. तिला हवा तेवढा वेग माझ्या हातून कधींच मिळाला नाहीं, त्यामुळें तिचें उड्डाण जणूं शेवटापासूनच सुरू होई.

पकड व फेंक

चकती हातांत धरतांना अंगठा पाठीवर, कांठापासून थोडा आंत ठेवावा. जवळच्या फेंकीसाठीं चारही बोटें खालच्या बाजूस पंख्यासारखीं पसरावीं. लांबच्या फेंकीसाठीं तीं कांठाच्या आंतल्या बाजूस घट्ट वळवावीं. मूठ फार आवळूं नये, कारण आवळलेल्या मुठीचें मनगट ताठ होतें आणि ताठ मनगटांतून फिरकी निघत नाहीं.

आरंभ जागच्या जागीं उभें राहून करावा. उजवा खांदा लक्ष्याकडे करावा. पाय खांद्यांइतके अंतर ठेवून रोवावे. कमर व खांदे मागें वळवून चकती मागें न्यावी, इतकी कीं पाठ अर्धवट लक्ष्याकडे होईल. मग शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणावा; त्यामागून कमर, कमरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर व सर्वांत शेवटीं मनगट, असा क्रम असावा. चकती छातीजवळून सरळ रेषेंत ओढावी. दूरवरून कमान करून आणल्यास ती भलतीकडेच सुटते. सुटल्यावर हात तेथेंच न थांबवितां पुढें जाऊं द्यावा व पुढचा पाय टांचेवर वळूं द्यावा, नाहींतर गुडघ्याला पीळ बसतो. हें सर्व अंगवळणी पडल्यावरच उजवा, डावा मागून, पुन्हां उजवा अशा तीन पावलांची चाल शिकावी.

दोन दोष नवशिक्यांत हटकून आढळतात. पहिला, नाक वर करणें. चकतीची पुढची कड उचललेली असली कीं हवा तिच्या पोटावर आदळते, ती वर चढते, थबकते व डावीकडे कोसळते. ह्यास उपाय म्हणजे चकती सोडतांना ती समोरच्या टेबलावरून सरकवीत आहों अशी कल्पना करावी. दुसरा दोष, सर्व बळ आरंभींच खर्च करणें. हात सावकाश निघावा आणि शेवटच्या वीतभर अंतरांत चपळ व्हावा.

फेंकतांना चकतीची बाहेरची कड खालीं कलविली तर तीस हायझर म्हणतात, व वर कलविली तर अ‍ॅनहायझर. उजव्या हाताच्या वरील फेंकींत पहिलीनें चकती डावीकडे व दुसरीनें उजवीकडे वळविली जाते. वाटेंतील झाडाला वळसा घालण्यास ह्यांचा उपयोग होतो. पण सपाट व सरळ फेंक साधल्यावांचून ह्यांच्या नादीं लागूं नये.

टोपलीजवळ

लांब फेंकीनें प्रेक्षक खूष होतात, पण डाव बहुधा टोपलीजवळच जिंकला किंवा गमावला जातो. टोपलीपासून दहा मीटरांच्या आंत असतां चकती सोडल्यावर तोल सांभाळून दाखविल्यावांचून पुढें पाऊल टाकणें नियमबाह्य आहे. म्हणून येथें अंग झोंकून देऊन चालत नाहीं. नजर साखळ्यांच्या एकाच कडीवर ठेवावी, हात लक्ष्याकडे सरळ न्यावा व शेवटीं बोटें उघडावीं. सरावाची रीत साधी आहे. तीन मीटरांवरून वीस फेंकी कराव्या व वहींत यश मांडावें. वीसपैकीं अठरा साधूं लागल्या म्हणजे एक पाऊल मागें सरावें. टोपली नसल्यास झाडाच्या खोडाला दोरी बांधून लक्ष्य ठरवावें. शाळेच्या आवारांतील पांच-सहा झाडें व तीन-चार चकत्या एवढ्यावर एका वर्गाचा खेळ उत्तम चालतो.

शिस्त व सचोटी

चकती लागली असतां गंभीर इजा होऊं शकते. म्हणून पुढचा मार्ग मोकळा झाल्यावांचून कोणींही फेंकूं नये, व चकती एखाद्याच्या रोखानें गेल्यास तत्काळ मोठ्यानें ओरडून सावध करावें. टोपलीपासून सर्वांत दूर असलेल्यानें आधीं फेंकावें, आणि दुसरा फेंकत असतां इतरांनीं स्तब्ध राहावें. आंखलेल्या सीमेबाहेर चकती पडल्यास दंड म्हणून एक फेंक अधिक मोजावी.

ह्या खेळांत प्रत्येकामागें पंच फिरत नाहीं. वर सांगितलेले वृद्ध गृहस्थ एकदां दाट झाडींत शिरले होते. आम्ही बाहेर उभे होतों. आंत काय चाललें आहे हें कोणास दिसत नव्हतें. थोड्या वेळानें त्यांची चकती झाडींतून बाहेर आली व पुढच्या फेंकींत टोपलींत पडली. मी वहींत चार लिहूं लागलों तों ते म्हणाले, “चार नव्हे, पांच. आंत एक फांदीला लागून माझ्या पायाशींच पडली.” त्या दिवशीं ते एका फेंकीनें हरले व मी जिंकलों, प्रथमच जिंकलों. घरीं येतांना मात्र त्या विजयापेक्षां मला माझ्या जुन्या वहीचीच अधिक आठवण होत होती, कारण झुडपांतल्या माझ्या सर्वच फेंकी तींत उतरल्या होत्या असें मला छातीठोकपणें म्हणतां आलें नसतें.

मित्रहो, हात शिकविण्यास पटर पुरेशी आहे. ती प्रत्येक चूक डोळ्यांपुढें मांडते. पण झाडींतील फेंक कोणीं पाहत नाहीं, आणि तेथें शिक्षिका आपल्यालाच व्हावें लागतें. ज्यास खेळावयाचें असेल त्यानें मंद चकती घ्यावी, जवळचें झाड निवडावें, आणि केलेली प्रत्येक फेंक मोजावी.